जुनी रहस्यकादंबरी शेवटी आपटते, ती नेमकी कुठे?

पिवळी_पानं (नाशिक)

वाचकगटाच्या पुढच्या बैठकीसाठी एक जुनी रहस्यकादंबरी ठरली आहे. मूळ इंग्रजी, १९३० च्या दशकातली. आमच्याकडे आहे ते मराठी रूपांतर, १९५२ साली छापलेलं, पानं १७६. मूळ लेखकाचं नाव कुठेच नाही, ‘एका इंग्रजी कथेच्या आधारे’ एवढंच. विलायतेतला वाडा उचलून नाशिकबाहेरच्या बंगल्यात आणून ठेवलाय. पान १४० पर्यंत मस्त चालते, पुढे विचका. पुस्तकाचं नाव देत नाही, त्यामुळे शेवट बिनधास्त उघड करतोय.

खुनी म्हणजे म्हाताऱ्या मालकाचा मुंबईचा पुतण्या. हा गडी पहिल्यांदा येतो पान ११८ वर!

मुख्य पुरावा असा: जूनच्या रात्री नऊ वाजता मोलकरीण माडीवरच्या खिडकीतून मालकाला बागेत पत्र वाचताना बघते. मालकाचा चष्मा तर संध्याकाळीच फुटलेला. म्हणजे बागेत बसलेला माणूस मालक नव्हताच, तोतया होता, आणि मालक आधीच मेलेला. पण रात्री नऊला माडीवरून तिला दिसलं काय? पान ३१ वर राखणदार ‘काळाकुट्ट अंधार’ म्हणतो आणि पान १६१ वर गुप्तहेर ‘टिपूर चांदणं’ म्हणतो.

पुतण्याची रात्रीची गाडी बोरीबंदरला पोचते साडेसहाला आणि हा सहा वाजून दहा मिनिटांनी क्लबात चहा पितोय. छपाईची चूक?

राखणदाराला क्लोरोफॉर्मचा रुमाल लावल्यावर तो क्षणात आडवा आणि दोन तास गाढ झोपेत.

आम्ही बारा जण, प्रत एकच, वेळ तीन आठवडे. पुस्तक टाकून द्यावं का? की ‘वाईट’ म्हणण्याआधी काही तपासण्यासारखं आहे? ‘जुनं आहे, चालायचंच’ हे उत्तर नको.

---

फर्मा_सोळा

आधी प्रत पुरी आहे का ते बघा. निम्म्या वेळा ‘शेवट गुंडाळलाय’ या तक्रारीचं मूळ बांधणीत सापडतं.

फर्मा म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. १७६ पानं म्हणजे सोळा पानांचे बरोबर ११ फर्मे. फर्म्याचा आकडा त्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात असतो. म्हणजे पान १७ वर २, पान ३३ वर ३, असं करत पान १६१ वर ११. शिवणीचा दोरा फर्म्याच्या मधोमध, म्हणजे पान ८ आणि ९ च्या मध्ये, मग २४-२५, मग ४०-४१ असा दिसला पाहिजे. कुठे दोरा दिसत नसेल किंवा दुसऱ्याच ठिकाणी असेल, तर तिथे पानं गेलेली आहेत किंवा मागून डकवलेली आहेत. वाचनालयाने पुन्हा बांधलेली प्रत असेल तर कडा कापताना तळचे आकडेही जातात, मग दोऱ्यावरच भिस्त ठेवायची.

हे सगळं जागेवर असलं तर ओळी मोजा. पान २० वर किती आणि पान १६५ वर किती? सुरुवातीला २८ आणि शेवटी ३३ भरल्या तर समजा की प्रकाशकाने ११ फर्म्यांचा कागद आधीच ठरवला होता आणि मजकूर त्यात कोंबला. अक्षरांचे शिशाचे खिळे हाताने जुळवून छापण्याच्या काळात हे सोपं होतं, ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या काढल्या की पानावर चार-पाच ओळी जास्त बसायच्या. दुसरी खूण म्हणजे आधीची प्रकरणं नव्या पानावर सुरू होतात आणि शेवटची दोन-तीन पानाच्या मध्येच. असं दिसलं तर खुलाशाची कापाकापी झालीय यात शंका नको. लेखकाला शिव्या देण्याआधी हे दहा मिनिटांचं काम करा.

प्रत हाताळताना: १९५२ चा स्वस्त कागद म्हणजे कोपरा दुमडला की तुटणार. पुस्तक पूर्ण उताणं उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन जेमतेम ९० ते १२० अंशांपर्यंत उघडा. झेरॉक्सच्या काचेवर दाबलं तर पाठ मोडलीच म्हणून समजा, मोबाइलवर फोटो काढा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो. आणि नाशिकचा पावसाळा चालू आहे, तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फिरवू नका, आत दमट राहून बुरशी धरते. सुती कापडात गुंडाळा.

---

उलटा_वाचक

फर्मे मोजून झाले की पुस्तक मागून वाचायला घ्या.

खुलाशाच्या प्रकरणात गुप्तहेर जिथे जिथे ‘आपल्याला आठवत असेल’ किंवा ‘माझ्या तेव्हाच लक्षात आलं’ म्हणतो, तिथला प्रत्येक मुद्दा वहीत उतरवा. समोर तीन गोष्टी लिहायच्या: खुलाशात तो कुठल्या पानावर येतो, वाचकाला पहिल्यांदा कुठल्या पानावर दिसला, आणि दिसला तेव्हा तो कशाच्या आड होता. हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. चांगला लेखक दुवा लपवत नाही, गर्दीत उभा करतो. फुटलेला चष्मा खोलीतल्या दहा वस्तूंच्या यादीत सहावा येतो आणि यादी संपताच कोणीतरी किंचाळतं, म्हणून तो विसरला जातो. तुमच्या पुस्तकात चष्मा आधी कुठे येतो ते बघा. यादीत आला असेल तर लेखक प्रामाणिक. खुलाशातच पहिल्यांदा आला असेल तर सरळ फसवणूक.

दहापैकी सात-आठ दुव्यांना मागचं पान सापडलं तर कादंबरी नेटकी आहे, चुकलं असेल ते मांडणीत. तीन-चारच सापडले तर टाकून द्या, मला काही वाईट वाटणार नाही.

खुनी उशिरा येण्याबद्दल. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. पहिलाच नियम, खुनी कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असला पाहिजे. दहावा, जुळे भाऊ किंवा हुबेहूब दिसणारा माणूस वाचकाची तयारी न करता आणायचा नाही. त्यात थट्टेचा सूरही आहे, पण १९३० च्या दशकातल्या इंग्रजी लेखकांना हा खेळ चांगलाच ठाऊक होता. म्हणून तुमच्या पुस्तकाला ही फूटपट्टी लावणं रास्त आहे. त्याआधीच्या कथांना लावू नका. १८८७ मधल्या होम्सच्या पहिल्याच कादंबरीत खुनी पकडला गेल्यावर कथा सरळ अमेरिकेत उडी मारते आणि जुनी हकीकत सांगत बसते. तिथे वाचकाने आधी ओळखावं अशी अपेक्षाच नव्हती.

आता १७६ पैकी ११८ म्हणजे कथा दोन तृतीयांश संपलेली. तीसच्या दशकातला लेखक इतका गाफील असणं अवघड वाटतं. पहिल्या ५० पानांत बिननावाची माणसं कोण कोण येतात ती शोधा. टपालवाला, हमाल, नवा गडी, पत्ता विचारणारा. रूपांतरकाराने एखादं वाक्य गाळलं की वेष पालटून आलेला खुनी तिथे नुसता गडी म्हणून उरतो. तोतया आहे म्हटल्यावर तो आधी कुठून तरी आत शिरलेला असणारच.

---

सांजवात

बागेतल्या पत्राचा गुंता मूळ लेखकाचा नाही, रूपांतरकाराने घातलाय.

लंडनला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घड्याळात साधारण सव्वानऊ-साडेनऊला सूर्य मावळतो. १९१६ पासून तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्याचा हा परिणाम. म्हणजे मूळ कथेत रात्री नऊला बागेत चक्क उजेड होता. मोलकरणीला माडीवरून माणूस दिसला, हातातला कागद दिसला, डोळ्यांवर चष्मा नाही हेही दिसलं. तिची साक्ष पक्की आणि म्हणूनच तोतयाचा डाव लागू पडतो.

नाशिकला जूनमध्ये सूर्य मावळतो सव्वासातच्या सुमारास आणि पावणेआठपर्यंत पुरता अंधार. रूपांतरकाराने जागा बदलली, वेळ तीच ठेवली. खुलासा लिहिताना बहुधा त्याच्या लक्षात आलं, म्हणून पान १६१ वर चांदणं पाडलं. पण चांदण्यानेही भागत नाही. पौर्णिमेच्या उजेडात वर्तमानपत्राचा ठळक मथळा कळेल, शाईने लिहिलेलं बारीक अक्षर नाही. आणि राखणदाराचा ‘काळाकुट्ट अंधार’ मागे दुरुस्त करायचा राहून गेला. नऊच्या जागी फक्त पावणेसात केले असते तर सगळं जुळलं असतं.

अशा रूपांतरांत नेहमी मोडणाऱ्या आणखी काही जागा आहेत, त्या तपासा. बर्फातल्या पावलांचा चिखल होतो. पण बर्फ पडून थांबल्यावर उमटलेलं पाऊल वेळ सांगतं, चिखलातलं सांगत नाही. शेकोटीत जळालेलं पत्र चुलीत जातं, मग स्वयंपाकघरात कोणाच्या नकळत गेलं कसं हा नवा प्रश्न. नातीही घसरतात. इंग्रजीत ‘कझिन’ म्हटलं की बाई की पुरुष, आईकडचा की बापाकडचा, काहीच कळत नाही, आणि लेखक त्यावर खेळतो. मराठीत आतेभाऊ किंवा मामेबहीण लिहिलं की वारस कोण हे पहिल्याच पानावर उघडं पडतं.

सगळ्यात अवघड निनावी चिठ्ठी. इंग्रजी चिठ्ठीतून लिहिणारा बाप्या की बाई हे कळत नाही. मराठीत ‘मी आलो होतो’ म्हटलं की संपलंच. मुरलेला रूपांतरकार ‘माझं येणं झालं होतं’, ‘मला सगळं ठाऊक आहे’ अशा वाक्यांनी वाट काढतो. तुमच्या पुस्तकात चिठ्ठी असेल तर तिची क्रियापदं बघा, रूपांतरकाराची जात तिथे कळते.

---

बोरीबंदर

साडेसहाची गाडी आणि सहा-दहाचा चहा यात चूक नाही. उलट पुस्तकातली सगळ्यात हुशार जागा हीच असावी.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली आणि रेल्वे तिच्यावर चालू लागली. मुंबई शहराने मात्र आपली ‘मुंबई टाइम’ सोडली नाही, ती १९५५ पर्यंत चालली. मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे.

आता हिशेब मांडा. गाडी स्टँडर्ड टाइमने ६:३० ला पोचली म्हणजे मुंबई टाइमने ५:५१. क्लबातल्या घड्याळात ६:१०. हातात उरली १९ मिनिटं. बोरीबंदरहून व्हिक्टोरिया घोडागाडीने कोटातल्या क्लबात जायला ती पुरतात. दोन्ही वेळा एकाच घड्याळातल्या धरल्या तर मात्र पुतण्या त्या गाडीत असणंच अशक्य, आणि तीच त्याची सबब! १९५२ च्या वाचकाला ‘घड्याळांचा घोळ’ एवढं म्हटलं की पुरायचं, म्हणून रूपांतरकाराने फोड केली नसेल. खुलाशात असा शब्द येतो का बघा. मूळ इंग्रजी कथा विलायतेतली असेल तर हा डाव रूपांतरकाराच्या पदरचा, दाद द्यायला हवी.

अशा कथा वाचताना आणखी एक ध्यानात ठेवा. महायुद्धात, १९४२ ते १९४५, सगळीच घड्याळं तासभर पुढे होती. कथेचं साल त्यात येत असेल तर सांजवात यांचा सूर्यास्त सव्वाआठला जाईल. तरी नऊला अंधारच.

आणि बंगला नाशिक शहराच्या बाहेर असेल तर नाशिकरोड स्टेशनपर्यंतचा वेळ मोजा. शहरातूनच आठ-नऊ किलोमीटर आहे, टांग्याने तासभर धरा. खून, तोतयागिरी आणि स्टेशन गाठणं हे सगळं अर्ध्या तासात बसवलं असेल तर ती मात्र खरीखुरी चूक.

---

काळी_बॅग

क्लोरोफॉर्मबद्दल तुमचं बरोबर. रुमाल नाकाला लावून माणूस क्षणात पडत नाही. पाचेक मिनिटं सतत हुंगवावं लागतं, तोवर तो धडपडतो, ओरडतो. रुमाल काढला की शुद्धीवर येऊ लागतो. दोन तास निजवायचं तर कोणीतरी शेजारी बसून पुन्हा पुन्हा द्यावं लागेल, आणि प्रमाण थोडं चुकलं तरी जीव जातो. शिवाय त्वचेवर राहिलं तर तोंडाभोवती लाल चट्टे उठतात. पण हा त्या काळच्या रहस्यकथांचा ठरलेला संकेत आहे, तमाशात मावशी यावी तसा रुमाल यायचाच. खुनाचा उलगडा त्यावर टेकलेला नसेल तर सोडून द्या.

मी प्रेताच्या वर्णनाकडे बघेन. मरणोत्तर ताठरपणा आपल्या हवेत लवकर येतो, एक-दोन तासांत सुरू होतो आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तासांत उतरतो. थंड देशात तो दोन-तीन दिवसही टिकतो. रूपांतरात मूळचे तास तसेच ठेवले असतील तर मृत्यूची वेळ सपशेल चुकते. ‘प्रेत बर्फासारखं गार पडलं होतं’ हेही इकडच्या उन्हाळ्यात, खुनानंतर दोन तासांत, होत नाही.

---

झुंजारप्रेमी

एवढी चिरफाड कशाला? त्या काळची मराठी रहस्यकथा कोडं म्हणून लिहिलीच जात नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर कथा लिहिल्या. झुंजार किंवा काळा पहाड वाचणाऱ्याला पान ३१ आणि पान १६१ जुळवायचं नसतं, पुढे काय होतं ते हवं असतं. दर चार पानांनी दार वाजलं पाहिजे, बस्स. एका बैठकीत वाचा, दोन तासांत संपवा. पेन्सिल घेऊन बसलात तर कुठलंही पुस्तक हरेल.

---

उलटा_वाचक

@झुंजारप्रेमी, धावत्या कथेला धावतच वाचावं, मान्य. पण ज्या पुस्तकात शेवटची वीस पानं गुप्तहेर सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून दुवे मोजतो, त्याने स्वतःच हिशेब मागितलाय. मग वही काढायची नाही तर काय!

@पिवळी_पानं, बारा जणांत एका प्रतीचं असं करा. खुलाशाचं प्रकरण जिथे सुरू होतं तिथपासून मागची सगळी पानं एकत्र धरून सुती नाडीने सैल बांधा. रबर नको, ते कागदात रुततं आणि वितळून चिकटतं. दीड दिवस एकेकाकडे, म्हणजे १८ दिवसांत फेरी पुरी. वाचायला चार तास धरले तरी सवड आहे. प्रत पुढे देण्याआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं: कोणी, कसं, आणि कुठल्या तीन पानांवरून. पानांचे आकडे सक्तीचे, नाहीतर सगळे ‘मला आधीच वाटलं होतं’ म्हणतात. बैठकीत नाडी सोडायची, खुलासा मोठ्याने वाचायचा. वीस पानांना चाळीस मिनिटं लागतात. मग चिठ्ठ्या उघडा.

आणि तुम्ही स्वतः शेवट वाचलाय, तेव्हा तुमची चिठ्ठी बाद.

---

पिवळी_पानं (नाशिक)

तपासलं.

फर्मे ११ च्या ११ आहेत, दोरा जागेवर. ओळी पान २० वर २९ आणि पान १६५ वर ३४. शेवटची तीन प्रकरणं पानाच्या मध्येच सुरू होतात. म्हणजे कोंबाकोंबी पक्की.

दुवे नऊ निघाले. सहांना मागचं पान सापडलं. चष्मा पान २७ वर आहे, मेजावरच्या वस्तूंच्या यादीत पाचवा, आणि पुढच्याच ओळीत दिवा विझतो. खुलाशात पान १६८ वर एकच वाक्य आहे, ‘दोन घड्याळांचा घोळ त्याच्या पथ्यावर पडला’. आधी त्याचा अर्थच लागला नव्हता. बोरीबंदर, धन्यवाद.

निनावी चिठ्ठीत ‘माझ्या कानावर आलं आहे’ असं लिहिलंय. सांभाळलंय पठ्ठ्याने.

बिननावाची माणसं पहिल्या ५० पानांत तीन: टपालवाला, देवळाशी बसलेला बैरागी, आणि पान २३ वर ही ओळ, ‘कुंपणापाशी नवा गडी द्राक्षाच्या वेलीची छाटणी करीत होता, त्याने वर पाहिले नाही.’ हा गडी पुन्हा कुठेही येत नाही. खुलाशात त्याचा उल्लेखही नाही. हाच पुतण्या असेल का? की मी ओढूनताणून जुळवतोय?

---

सांजवात

मूळ कथेत गुलाबाची वाळकी फुलं खुडत असेल, ती जूनमध्ये तिकडे खुडतातच. इकडे आणताना रूपांतरकाराने नाशिक म्हणून द्राक्षं घातली असतील. हा गडीच पुतण्या, हे सांगणारं खुलाशातलं वाक्य कोंबाकोंबीत गेलं असावं.

---

खरडछाटणी

महिना कुठला म्हणालात? जून?

नाशकात द्राक्षाची खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरमध्ये. ऐन जूनमध्ये वेलीला कात्री लावणारा माणूस माळी नाहीच, हे तुमच्या गटातल्या कोणालाही पान २३ वरच कळायला हवं होतं.